बोलावणारीविना शाळा

पारस स्टेशनावर उतरले तेव्हा भुसावळपासूनचा कोळसा अंगावर होता. दमणीवाल्याने (दमणी म्हणजे हलकी बैलगाडी) विचारले, "बाळापुरात कोनाकडे?"

"मुलींच्या शाळेत."

तो हसला. "शाळा हाये बाई, पोरी नाईत."

माझी बालमैत्रीण यमू या शाळेत मास्तरीण झाली, याचे मला पुण्यात कोण कौतुक! प्रत्यक्षात ती रिकाम्या खोलीत एकटी बसली होती. मुलींना घरोघरी हाक मारून आणणारी बोलावणारी म्हातारी दिवाळीनंतर तापाने गेली. चावडीवर बसलेल्या पुरुषांपुढून मुलींना एकटे कोण पाठवणार? दुसरी बाई मिळेना, आणि महिनाअखेरपर्यंत मुली आल्या नाहीत तर शाळेला कुलूप, असा हुकूम आला होता.

"मग तूच जा की बोलवायला!" मी फणकारले.

यमूने लाल आलवणाचा पदर पुढे ओढला. "सकाळी सकाळी विधवेचं तोंड कुणाला दारात हवंय?"

मला माझीच लाज वाटली. रात्री भाकरी आणि वांग्याचे झणझणीत भरीत खाता खाता मी ठरवले, आता आपणच बोलवायला जायचे.

सकाळी मी ठसठशीत कुंकू लावले आणि माळ्यांच्या आळीत गेले. पहिल्याच दारी एक बाई मेथीच्या जुड्या बांधत होती. तिची गोदी हाकेसरशी पाटी घेऊनच बाहेर आली. तिला पाहून शेजारच्या दोघी निघाल्या. त्या दिवशी यमूने शिकवले किती आणि ती रडली किती, देव जाणे!

दुपारी गोदीला घरी सोडताना तिची आई म्हणाली, "उद्या लवकर या."

"उद्या मी पुण्याला जाते. तुम्हीच न्या ना मुलींना."

"बजाराच्या टायमाले? भाजी कोन इकीन?" तिने माझ्याकडे रोखून पाहिले. "जायाचंच व्हतं, मंग तिले हाक कायले मारली? आता रोज दारात बसून राहीन थे."

नव्याचे नऊ दिवस म्हणतात. इथे एकच होता. परतीच्या गाडीत मला खिडकीबाहेर बघवेना.

महिनाअखेर यमू ट्रंक घेऊन माझ्या दारात उभी राहिली. शाळेचे विचारायची गरजच नव्हती. मी गोदीचे विचारले.

"माझी दमणी तिच्याच दारावरून आली," यमू म्हणाली. "पाटी घेऊन उंबऱ्यात बसली होती. मला बघून उठली, आणि आईनं तिला आत ओढून दार लावलं."