माने सरांचे लॉर्डसाहेब

"आज आमच्या लॉर्डसाहेबांचं मंत्रिपद गेलं," हे माने सर सकाळी चहाच्या गाड्यावर इतक्या पडेल चेहऱ्यानं सांगत की नवखा माणूस हातातला कप खाली ठेवायचा. लॉर्डसाहेबांना जाऊन दोनशेच्या वर वर्षं झाली होती आणि त्यांनी कराड काही पाहिलं नव्हतं. सर त्यांचं चरित्र लिहीत होते. ज्या दिवशी जे प्रकरण चालू असेल, तेच त्या दिवशी सरांचं सुखदुःख असायचं.

सरांनी आम्हाला कॉलेजात इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर त्यांनी अठराव्या शतकातला हा इंग्रज उमराव धरला. बड्या घराण्यातला, दोनदा मंत्री झालेला. कंपनी हिंदुस्थानात लूट करते आहे असं त्यानं भर पार्लमेंटात सांगितलं आणि राजाची मर्जी घालवून बसला. "आपल्या राजांवर लिहायला रांग लागलीय गड्या," सर म्हणायचे, "ह्याच्यावर मराठीत लिहिणारा मी एकटाच. जपून लिहायला पाहिजे." जपून म्हणजे किती? सरांची पानं मी माझ्या टायपिंगच्या दुकानात टाइप करून द्यायचो. एकदा त्यात लॉर्डसाहेबांचा घोडा मी माझ्या पदरचा तांबडा केला, तर सर भर उन्हात शेजारच्या मलकापूरला माझ्या दुकानात आले. "तांबडा कुठं वाचलास?" "सर, घोडाच तो," मी म्हटलं. आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

माझ्याही आधी ते लिखाण काकी ऐकायच्या. सरांच्या बायको, जतकडच्या, शाळेची पायरी न चढलेल्या. संध्याकाळी त्या भाजी निवडायला बसल्या की विचारायच्या, "आवं, काय म्हंतोय तुमचा लाटसायेब?" मग सर दिवसभराची पानं वाचून दाखवत.

त्यांचा एकुलता मुलगा विजय, काकींचा इजू, फौजेत होता. डोंगरावर बर्फ कोसळलं त्यात त्याची तुकडी गाडली गेली. बाकीचे सापडले, विजय सापडला नाही. फौजेनं तो गेल्याचं कळवलं, पण काकींनी ते मानलं नाही. फोटोला हार घालू दिला नाही, दहावं करू दिलं नाही. त्याचं नावही घरात निघेनासं झालं. सर त्यावर अवाक्षर बोलत नसत. मला त्यांचा राग यायचा. तेव्हा मला काही कळत नव्हतं, एवढंच आता म्हणतो.

गेल्या थंडीत सर गेले. चरित्र तेवढं लिहून संपलं होतं. शेवटची प्रकरणं टाइप करताना एक वाक्य आलं: लॉर्डसाहेबांचा आरमारातला मुलगा वादळातून वाचून घरी परतला. सर प्रत्येक गोष्टीखाली आधार लिहीत, इथं काहीच नव्हतं. मी त्यांची टिपणांची वही काढली. त्यांच्याच अक्षरात होतं, जहाज बुडालं, मुलाचं प्रेत मिळालं नाही.

माझे हातच थांबले. हे असंच छापलं तर पहिला जाणकार वाचक नेमकं तेच पकडणार आणि सरांच्या सगळ्या मेहनतीची माती होणार. खरं छापलं तर काकींच्या कानावर आज ना उद्या जाणार. दोन दिवस काम बंद ठेवलं आणि शेवटी तेवढी पानं घेऊन काकींकडे गेलो.

"काकी, ते लॉर्डसाहेबांच्या मुलाचं..."

"बुडालं न्हवं ते पोरगं?" त्या म्हणाल्या.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्यांनी वाचून दावलं तवाच कळलं. आवाज लय कापत हुता. जल्मात कवा खोटं बोल्लं न्हाईत, त्यास्नी कुटलं जमायला? मी म्हनलं, बरं झालं, आला घरला. त्या दिशी चार घास जास्त ज्येवलं बघ."

मला रडू आवरेना. काकी मात्र शांत होत्या. "आता खरं हाय ते लिव. त्यांच्या पुस्तकाला कुनी नावं ठेवाय न्हाई पायजे. आन लिवलंस की मला वाचून दाव."

मी तिथंच वाक्य खोडलं, वर खरं लिहिलं आणि वाचलं. "जहाज बुडालं. मुलाचं प्रेत मिळालं नाही."

"परत वाच," काकी म्हणाल्या.

मी परत वाचलं. काकींनी मांडीवरची मेथीची परात बाजूला सारली, भिंतीकडं तोंड केलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा "माझा इजू" म्हणून हंबरडा फोडला.