बयनाबाईनं निंदलेली पट्टी

तामसीकडच्या शिवारात निंदणाला बयनाबाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. तोंड गप्पांत अन् हात तणावर! ती पुढं गेली की मागं तण औषधालाही सापडायचं नाही.

पण एकोणीसशे नव्वदच्या सुमारास तिची माहेराहून आलेली गाय, कपिली, वाळत चालली. बांधापलीकडचं कुरण म्हातारं झालं होतं. नुसतं कुसळाचं राठ गवत उरलेलं. नवरा चंपतराव वैतागला.

"कुरण मोडतो न् कापसाची पराटी लावतो. गाय इचोड्याच्या बाजारात नेतो."

गुरांच्या डॉक्टरनं बयनाबाईला स्टायलोचं बी दिलं होतं. हा शेंगांचा चारा जुन्या गवतातच पेरायचा. गुरं आवडीनं खातात, अन् त्याच्या मुळांच्या गाठींनी गवतालाही जोर चढतो, असं तो म्हणाला होता.

"आवो, एक साल द्या मले."

"एकच साल," चंपतराव म्हणाला.

पेरलं. पावसात इवली रोपं वर आली. एका दुपारी शेजारच्या तुळजाबाईसंगं बयनाबाई कुरणात बसली. तुळजाबाईच्या लेकीच्या लग्नाचा विषय निघाला, मग काय विचारता! बोलता बोलता दोघी पुढं पुढं सरकत गेल्या. तेवढ्यात बांधावरून चंपतराव ओरडला, "अवं, काऊन उपटून राह्यली?"

तिनं मागं पाहिलं. बांधापासून पळसापर्यंत लखलखीत निंदलेली पट्टी, तिच्यात नुसतं कुसळ उभं, अन् पदराजवळ स्टायलोचा ढीग!

"अगं माय वं!" म्हणून बाई ढसाढसा रडली. गाव मात्र आठ दिवस हसलं. मग दिवाळीपर्यंत तिनं कुरणात पाऊल टाकलं नाही. स्वतःच्या हातांचा भरवसाच नव्हता ना!

दिवाळीनंतर कपिलीला कुरणात सोडलं. ती हावरटासारखी चरत चरत पट्टीपाशी आली, हुंगलं, अन् माघारी फिरली. पुन्हा आली, पुन्हा फिरली. पट्टीत तेच जुनं कुसळ होतं. बाकी कुरण गुडघाभर हिरवं. चंपतराव कमरेवर हात ठेवून बघतच राहिला.

"तू उपटलं नसतं तं मले कळलंच नसतं," तो हसत म्हणाला. "मी म्हटलं असतं, यंदा पाणी चांगलं झालं."

नांगर गोठ्यातच राहिला, अन् गायही. पुढच्या मृगाला चंपतरावानं त्या पट्टीतही बी टाकलं. बयनाबाईला मात्र त्यानं आधी बांधावर बसवलं अन् तिच्या दोन्ही हातांत कपिलीचं दावं दिलं.