आलेखातली काळी पट्टी

शिवकन्याताईच्या प्रबंधातला आलेख मीच देखणा करायला गेलो. मोसंबीच्या उत्पन्नाच्या रेषेमागं फिकट, पारदर्शक पट्टी टाकली आणि तिला न विचारता ईपीएस नावाच्या जुन्या प्रकारात फाइल सेव्ह केली. जुन्या जालन्यात कहकशाआपांच्या छपाईच्या दुकानात छापली, तर कागदावर नुसता काळा ठोकळा. प्रबंध कॉलेजात चारपर्यंत द्यायचा होता. तीन वाजून गेल्ते.

"आपा, मशीन बिघडलंय तुमचं!" म्हणत ताई सरांना फोन लावायला बाहेर पळाली.

आपांनी रद्द लग्नपत्रिकेच्या पाठीवर साधा मजकूर छापून पाहिला. तो बराबर उमटला. मंग त्यांनी मला लॅपटॉपवर आलेखातली एकेक गोष्ट काढून परत छापायला लावलं. पट्टी काढताच रेष उमटली.

"ही कलाकारी कुणाची, हिरो?"

"माझीच."

"असल्या ईपीएस फाइलीला पारदर्शक रंग झेपत न्हाई. पट्टी असू दे, पीडीएफ बनव जल्दी."

छापील आलेख हातात पडला, तेवढ्यात ताई आत आली. "काय झाल्तं?"

तिनं तिथंच माझी धुलाई केली असती, तर चार वाजले असते. आपा म्हणाल्या, "मशीन गरम झाल्तं, बेटा. जा."

प्रबंध वेळेत पोचला. ताई मैत्रिणींना सांगत फिरते, आपांच्या दुकानात जाऊ नका, मशीन भंगार आहे. तिला खरं सांगायचं माझ्याकडं अजून बाकीच आहे.