घोरण्याचा तुकडा

राळेगावकडच्या एका लग्नात मी क्लॅरिनेट मुद्दाम वर उचललं. हे आजवर कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

आमच्या बँडमध्ये क्लॅरिनेट पुढारी. मी ते वर उचललं की चालू धून तिथंच सोडायची आणि सगळ्यांनी पुढची धरायची. ढोलवाल्यापासून मास्तरांपर्यंत सगळे हे मानत.

कापसाचे ते वाईट दिवस होते. खरेदी केंद्रासमोरच्या बैलगाड्यांच्या रांगा हलत नव्हत्या, लग्नं उरकून टाकल्यासारखी होत, बँडला बोलावणं क्वचित. अशा रिकाम्या दिवसांत मास्तरांनी गंमत म्हणून चार तुकड्यांचं एक वाजवणं बसवलं. गोठ्यात उभे राहून ते तोंडानं म्हणून दाखवत, आम्ही वाद्यावर उचलायचो. पहिल्यात बैल केंद्राकडे निघतात. एक आळशी, म्हणून ढोल मुद्दाम मागं पडतो. दुसऱ्यात कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर कापूस चिमटीत धरून नाकात बोलतो. ते माझं क्लॅरिनेट. तिसऱ्यात गाडीवर झोपलेला शेतकरी घोरतो, रांग जरा सरकली की दचकून उठतो, पुन्हा घोरतो. हे मास्तर एकटे वाजवत, युफोनियमवर, त्या पोटाशी धरायच्या पितळी धुडावर. चौथ्यात रिकामी गाडी घराकडं पळते.

त्या लग्नात नवरदेव मांडवात आला होता, पण मुहूर्ताला वेळ होता. नवरीचा बाप म्हणाला, "मास्तर, सिनेमाचं तं रोजचंच हाय. तुमचं काई वाजवा."

बैलांना लोक हसले. माझ्या ग्रेडरला जास्त हसले, मी फुगलो. मग मास्तर घोरू लागले. नवरीच्या बापानं कान दिला. म्हणाला, "हा तं माहा भाऊ घोरून राह्यला. केंद्रावर रांगेत गाडीपाशी ठेवून आलतो त्याले."

मांडव खदखदून हसला. स्वयंपाकाकडच्या बाया झारे हातात घेऊनच बघायला आल्या. मास्तरांचे डोळे मिटलेले. आणि मी बाजूला उभा. त्या तुकड्यात मला एक सूरही नव्हता. माझ्याकडं कोणी बघत नव्हतं. मी क्लॅरिनेट उचललं. ढोल धावला, गाडी घराकडं पळाली, आणि मास्तर घोरणं अर्ध्यात टाकून आमच्या मागं मागं आले.

जेवताना त्यांनी विचारलं, "काहून उचललं गा?"

"लोकं उठून राह्यले होते, मास्तर."

"मले तं हासल्याचं आयकू आलं."

"तुमच्यावर हासत होते. म्हातारा झोपला म्हणे."

मास्तर थोडा वेळ वरणभात कालवत राहिले. "बरं केलं मंग. वाचवलंस मले," म्हणाले, आणि स्वतःच्या पानातली बुंदी माझ्या पानात सरकवली. मी ती खाल्ली.

तो तुकडा त्यांनी पुन्हा कधी वाजवला नाही. पुढं तीनच वाजत.

आता ते मुकुटबनला मुलीकडे असतात. दात गेले, फुंक धरत नाही. दर दिवाळीला मी जातो. चहा पिता पिता खुर्चीतच त्यांची डुलकी लागते, अगदी तसेच घोरतात, आणि मला वाटतं, जागे झाले की सांगायचं. जागे होतात नि मलाच विचारतात, "लोकं उठले तं नाई ना बे?" मग आम्ही दोघंही हसतो.

लोक उठले नव्हते, आणि हसत होते ते खूश होऊन. एवढं मास्तरांना सांगणं माझ्याकडून अजून राहिलंय.