शेततळ्यातला भात

आमचे मालक वारले तेव्हा शेततळ्यातले रोहू-कटले करंगळीएवढे होते. त्यांनीच हौसेने आणून सोडलेले. मुलगा निगडीला राहायला गेलेला, कंपनीच्या शिफ्टमधून महिन्याकाठी एखादी चक्कर मारायचा. घरात बोलायला कोणी नव्हतं. मी तळ्याच्या काठावर उभी राहिले की मासे मात्र वर यायचे.

माझा धाकटा दीर चाकणच्या एका कंपनीत कँटीनला आहे. तिथला उरलेला भात तो डब्यातून आणायचा आणि मी तो तळ्यात टाकायचे. आधी सकाळी, मग दुपारी, मग संध्याकाळीही. मासे भुकेले होते म्हणून नव्हे. भात पडला की पाणी हलायचं, तोंडं दिसायची, एवढ्यासाठी. तेव्हा हे मी कुणाला सांगितलं नसतं.

उन्हाळ्यात एका सकाळी मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकताना दिसले. काही उलटे तरंगत होते. दिराने राजगुरुनगरहून मत्स्यशेतीचा सल्ला देणाऱ्या मुलीला आणलं. तिने एक मेलेला मासा काठावरच चिरला. आत पांढरी चरबी साचली होती, कलेजी फिकी पडली होती.

"काकू, दिवसातून किती वेळा टाकता?"

"तीनदा. कधी चारदा."

"नुसत्या भातानं चरबी वाढते, अंग नाही भरत. उरलेला तळाला कुजतो, मग पाण्यात यांचा जीव गुदमरतो."

"पन खात व्हते की," दीर म्हणाला.

"दिलं की खातात."



काही दिवस खाणं बंद ठेवून ताजं पाणी सोडलं. तरी मला पुरतं पटेना, म्हणून तिने तळ्यात मधोमध जाळी लावायला सांगितली. एका बाजूला थोडा भात, दुसऱ्या बाजूला शेंगपेंड, तांदळाचा कोंडा आणि कुटलेली सुकट मळून केलेले गोळे. दोन वेळा, तेही बेताने. दिवाळीपर्यंत फरक डोळ्यांना दिसला. पेंडेकडचे मासे लांब, पाठीत भरलेले. भाताकडचे पोटाने सुटलेले, हातात धरले तर लिबलिबीत. मग भात कायमचा बंद केला.

माशांना ते मानवलं, मला जड गेलं. गोळे टाकून पाच मिनिटांत मी मोकळी व्हायचे आणि मधला सगळा दिवस अंगावर यायचा. दुपारी रिकाम्या हातानेच काठावर जायचे. सावली बघून मासे वर यायचे, थोडं थांबायचे, खाली जायचे. मग मीही घरी यायचे.

मासे काढले त्या दिवशी मुलगा रजा टाकून आला. पाटीतला सगळ्यात मोठा रोहू उचलून म्हणाला, "बाबांनी हे बघायला पाहिजे होतं."

त्याच रोहूचं कालवण केलं. कितीतरी दिवसांनी मी दोघांपुरत्या भाकरी थापल्या. दिवस मावळायच्या आत तो निगडीला निघाला. गाडी सुरू करता करता त्याने विचारलं, "आई, पुढची पिल्लं कधी सोडायची? मी येतो."