कडक क्लच

माझ्या गाडीचा क्लच भवानीनगरच्या अलीकडे गेला. एकदम गेला असं नाही. महिनाभर इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी त्या मानानं पळायची नाही. त्या दिवशी उसाच्या ट्रॉलीला मागं टाकायला गेलो, पाय दाबला, आवाज झाला, आणि ट्रॉलीच पुढं निघून गेली. ट्रॅक्टरवाल्यानं मागं वळून हात केला. स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या माणसाला एवढा अपमान पुरतो.

गाडी मी पंचेचाळिशी उलटल्यावर घेतली. दोन माणसांची, बुटकी, लाल, परदेशी बनावटीची, आणि पुण्यातल्या एका डॉक्टरांनी हौस फिटल्यावर विकलेली. आमच्याकडं ऊस आणि डाळिंब. यातलं काहीही या गाडीत भरता येत नाही, हे बायकोनं पहिल्याच दिवशी दाखवून दिलं. गतिरोधकावर पोट घासतं म्हणून गाव तिला घोरपड म्हणतं. मला त्याचा राग येत नाही, कारण नाव बरोबर आहे.

तिचा खरा उपयोग केला तो आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. आबा पंचाहत्तरी ओलांडलेले. सगळं आयुष्य ट्रॅक्टरवर गेलं आणि त्यात डावा गुडघा गेला. ऑपरेशनचा विषय काढला की ते ठिबकच्या नळ्यांवर बोलायला लागतात. जीपचा क्लच दाबता येईना तेव्हा त्यांचं गाडी चालवणं थांबलं. बिनगिअरची गाडी घेऊ म्हटलं, तर म्हणाले, "त्यो पाळणा झाला, गाडी न्हाय." मग घोरपड आली. तिचा क्लच लोण्यासारखा. दारात उभ्या गाडीत बसून आबांनी तो एकदा दाबला, परत दाबला, खाली उतरून टायर बघितल्यासारखं केलं, आणि पुढच्याच गुरुवारी गाडी घेऊन नरसिंहपूरला गेले.

नरसिंहपूरला त्यांची थोरली बहीण असते, माझी आत्या. आबांचं चालवणं बंद होतं तेव्हा महिन्या-दोन महिन्यांतून कुणीतरी त्यांना तिकडं सोडायचं. सोडणारा बहुतेक वेळा मीच. मी अंगणात उभा राहून घड्याळ बघायचो आणि ते दोघं माझ्याकडं बघत लवकर लवकर बोलायचे. गाडी हातात आल्यापासून आबा दर गुरुवारी जायला लागले. आत्या डोक्यावर पदर घेऊन त्या खोल सीटमध्ये बसायची. तिला बाहेर काढायला दोन माणसं लागत. आबा तिला नदीच्या संगमावर न्यायचे, आणि तिथं काचा खाली करून दोघं भाजलेल्या शेंगा खात बसायचे. टरफलं मला शुक्रवारी सापडायची. सीट पुढं सरकवलेली, आरसा वाकडा, आणि गिअरच्या खोबणीत शेंगांची टरफलं.

मी चिडायचो. उगाच मोठेपणा सांगत नाही. आयुष्यात एकच वस्तू स्वतःच्या हौसेपायी घेतली आणि तिच्यातही शुक्रवारी सकाळी वाकून टरफलं वेचायची.

बारामतीत एक मिस्त्री आहे. बरीच वर्षं पुण्यात असल्या गाड्यांवर काम करून तो गावाकडं परतला. त्यानं गिअरबॉक्स उतरवून क्लच बाहेर काढला आणि सतरंजीवर मांडला. प्लेट झिजून कागद झाली होती. तिच्यामागची लोखंडी चकती तापून निळी पडली होती.

"ह्ये दामटून चालवल्यानं झालेलं न्हाय," तो म्हणाला. "क्लचवर पाय ठिवून चालवल्यानं झालंय. पाय नुसता टेकला तरी आत प्लेट घासत राहती. घरात ट्रॅक्टरवालं कोन हाय का?"

मी लगेच म्हणालो, "वडील."

तो प्लेट उलटी करून बघत राहिला. मीही पुढं काही विचारलं नाही, कारण मला जे हवं होतं ते मिळालं होतं. खापर फोडायला डोकं सापडलं की माणूस फार चौकशी करत नाही.

नवा क्लच दोन प्रकारचा मिळत होता. एक कंपनीचा, होता तसाच, हलका. दुसरा शर्यतीच्या गाड्यांना लावतात तो, सिरॅमिकच्या प्लेटचा. तो लवकर जळत नाही, पण दाबायला कडक. मिस्त्रीचं मत स्पष्ट होतं. "कंपनीचा घ्या. कडक क्लच शर्यतीत बरा. हितं इंदापूरच्या बाजारात अडकला तर पोटरीला गोळा येतुया." फलटणच्या कुणा हौशी माणसाची गाडी तिथं उभी होती, तिला तो कडक क्लच लावलेला होता. मिस्त्री म्हणाला, बसून बघा. मी बसलो आणि दाबला. मांडीपर्यंत ताण आला. पाय तिथंच दाबून धरला आणि खिडकीतून विचारलं,

"गुडघा दुखणाऱ्या माणसाला जमेल का हा?"

"न्हाय जमायचा."

"मग हाच बसवा," मी म्हणालो.

हे समजायला आमच्या घराची रीत सांगायला हवी. आमच्यात आबांना 'नाही' म्हणायची पद्धत नाही. नाही करायची पद्धत मात्र आहे. त्यांनी खारवट रानात द्राक्षं लावायची ठरवली, तेव्हा कुणी विरोध केला नाही. रोपंच मिळाली नाहीत. डोळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना आठवड्यातच जीप न्यायची होती, तेव्हा बॅटरी चार्जिंगला गेलेली निघाली. आई होती तोवर हे सगळं ती बघायची, आणि तिच्यामागं ते माझ्याकडं आलं. याला आम्ही मान राखणं म्हणतो. समोर उभं राहून "आबा, तुम्ही गाडी चालवू नका" म्हणायला माझी जीभ उचलली नसती. तेच काम क्लच करणार होता, आणि मी मुलगा म्हणून नामानिराळा राहणार होतो.

जेवताना मी सांगितलं, "कंपनीचा क्लच आता येत नाही म्हणे. दुसरा बसवायला लागतोय. जरा कडक असतो."

आबांनी भाकरी मोडली. "बरं," म्हणाले.

सामान मुंबईहून यायला तीन आठवडे लागले. त्या तीन गुरुवारी आबा पडवीत बसून होते. मी कामात होतो, असं मी स्वतःला सांगितलं.

क्लच बसला तेव्हा मिस्त्री म्हणाला, एकदा काटेवाडीपर्यंत जाऊन येऊ, तुम्ही चालवा, मी आवाज ऐकतो. बारामतीच्या बाहेर पडलो. गाडी खरंच सुधारली होती. पाय दिला की पाठीत धक्का बसत होता. मी खुशीत होतो.

"सायेब, पाय," मिस्त्री म्हणाला.

मला वाटलं, वेग कमी करा म्हणतोय. मी कमी केला.

"त्यो न्हाय. डावा. क्लचवरनं काढा."

मी खाली बघितलं. माझा डावा पाय क्लचवर होता. दाबलेला नव्हता, नुसता टेकलेला, घरच्यासारखा. मी काढला. दोन मिनिटांनी तो परत म्हणाला, "पाय." काटेवाडी येईपर्यंत तो चार वेळा म्हणाला. पाचव्या वेळी त्यानं म्हणणं सोडून दिलं आणि बाहेर ऊस बघत बसला.

पाय मी ठेवत नव्हतो. तो आपोआप जात होता. कॉलेजच्या सुट्ट्यांत मी कारखान्यावर उसाच्या ट्रॉल्या घेऊन जायचो. तिथली रांग हातभर पुढं सरकायची, थांबायची, परत हातभर सरकायची. नंबर जाऊ नये म्हणून मी तासन् तास हाफ क्लचवर ट्रॅक्टर धरून ठेवायचो. पायाला तेव्हा लागलेली ती सवय असावी. इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नाही, आणि मी बघितलंही नाही.

"वडील पण असेच चालवत असतील," मी म्हणालो. आवाज मलाच बरोबर वाटला नाही.

"आबा मागं एकदा हवा भराय आलतं," मिस्त्री म्हणाला. "गाडी लावंस्तवर मी बगत हुतो. त्यांचा पाय बाजूला खाली. लागंल तवाच उचलत्यात. गुडगा दुखतुया, त्यो माणूस कशाला पाय अधांतरी ठिवंल? त्यांनी क्लच जाळायचा म्हनला तरी न्हाय जळायचा."

"मग त्या दिवशी बोलला का नाही?"

"तुमी वडील म्हनला. मी म्हनलं, घरचं तुमाला ठावं."

गाडी वळवून परत आलो. उतरताना त्यानं जुनी प्लेट वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. बदललेला माल गिऱ्हाईकाला द्यायचा, हा त्याचा नियम आहे. ती घेताना मला लाज वाटली.

तरीही मी घरी काही बोललो नाही. बुधवारी संध्याकाळी ठरवलं होतं की सकाळी आबा निघायच्या आत सांगायचं. सकाळी मी मुद्दाम डाळिंबाच्या बागेत गेलो. तिथून अंगण दिसतं.

आबा धुतलेला सदरा घालून आले. गाडीत बसले, सीट पुढं घेतली. दार उघडंच होतं. त्यांनी क्लच दाबला. तो अर्ध्यावर गेला आणि पाय परत आला. थोडं थांबून त्यांनी दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले आणि वरून जोर दिला. क्लच गेला पूर्ण, पण हात गुडघ्यावर असताना गाडी कशी चालवणार? ते तसेच बसून राहिले. मग पाय उचलून बाहेर ठेवला, दाराला धरून उभे राहिले आणि पडवीत जाऊन आत्याला फोन लावला. त्यांना ऐकू कमी येतं म्हणून ते फोनवर मोठ्यानं बोलतात. बागेपर्यंत शब्द न् शब्द आला.

"अक्का, ह्या बेस्तरवारी न्हाय जमायचं. न्हाय, पोरानं गाडी चांगली करून आनलीया. माजंच जरा काम निगालंय."

मला तिथं उभं राहवेना. मी अंगणात आलो आणि बूट न काढता पडवीत चढलो.

"आबा, क्लच तुम्ही नाही जाळला. मी जाळला."

"ठावं हाय," ते म्हणाले. "तुज्या शेजारी बसलं की दिसतुया की पाय."

"मग बोलला का नाही?"

"तुजी गाडी. तुला कसं म्हनायचं?"

म्हणजे तेही मला नाही म्हणू शकत नव्हते. हे मला नवीन होतं. एवढ्यावर थांबलो असतो तरी भागलं असतं. माफी मागून झाल्यासारखी होती, आणि त्यांचा चेहराही शांत होता. पण फोनवरचं त्यांचं खोटं माझ्या खोट्यापेक्षा इतकं चांगलं होतं की मला राहवलं नाही. मी पुढचंही सांगून टाकलं. कंपनीचा क्लच मिळत होता, मी विचारून, दाबून बघून कडक घेतला, तुम्हाला जमू नये म्हणून घेतला.

आबांनी मोबाइल खिशात ठेवला. खिसा दोनदा सापडला नाही.

"नका चालवू म्हनायचं हुतंस," ते म्हणाले. "सोडली असती मी."

मग ते उठले आणि गोठ्याकडं गेले. मी तिथंच बसलो. मला रडू आलं, हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

त्याच दिवशी बारामतीला जाऊन मी कंपनीच्या क्लचची ऑर्डर दिली. मिस्त्रीनं कारण विचारलं नाही. नवाकोरा कडक क्लच त्यानं फलटणच्या त्या हौशी माणसाला दुसरा जोड म्हणून देऊन टाकला. आता मी चालवताना अनवाणी बसतो, म्हणजे पाय कुठं आहे ते कळतं.

याला सहा महिने होत आले. आबा दर गुरुवारी नरसिंहपूरला जातात. आत्या येते, संगमावर बसणं होतं. मला वाटलं होतं, सगळं जागच्या जागी बसलं. पण आबांनी उभ्या आयुष्यात घरातली वस्तू नेताना कुणाला विचारलेलं मला आठवत नाही. बैल असो, ट्रॅक्टर असो, माझी छत्री असो. आता गुरुवारी सकाळी ते सदरा घालून माझ्या खोलीपर्यंत येतात आणि म्हणतात, "आज गाडी नेऊ का?"

पहिल्यांदा मी म्हणालो, "विचारताय काय आबा, न्या की." पुढच्या गुरुवारी त्यांनी परत विचारलं. आता मी नुसतं "न्या" म्हणतो. मी तसं म्हणेपर्यंत ते दाराबाहेर उभे असतात.