बाबांच्या खोलीचा कोबा

बाबा जिन्यावरून पडले आणि आमच्या स्कोफिल्ड्स उपनगरातल्या घराची सगळी मांडणीच चुकीची वाटायला लागली. बेडरूम सगळ्या वर. खाली हॉल, किचन, एक छोटी बाथरूम आणि तिला लागून गॅरेज. खुब्याचं ऑपरेशन झालं, बाबा रिहॅबमध्ये गेले, आणि तिथल्या फिजिओने स्पष्टच सांगितलं की आता जिना बंद. आई गेल्यावर मीच त्यांना ठाण्याहून इकडे परदेशात आणलं होतं. नवरा म्हणाला, "गाडी बाहेर उभी करू. गॅरेजची खोली करू."

रिहॅबमध्ये जाऊन बाबांना हे सांगितलं.

"गॅरेजमध्ये अडगळ ठेवतात गं," ते म्हणाले. "त्यापेक्षा मला ठाण्याला सोड. एखादा माणूस ठेवू सोबतीला."

खाली पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसले, तरी किल्ली लावायचं भान नव्हतं.

पण काम सुरू केलं. वॉकरची चाकं कार्पेटमध्ये अडकतात, आणि टाइल्सवर घसरायची भीती. गॅरेजचा कोबा मात्र छान होता, कुठे भेग नाही. त्यावरच सीलरचा पारदर्शक लेप द्यायचा, त्यात पाय घसरू नये म्हणून मिळते ती बारीक पावडर मिसळायची, असं ठरलं. नवऱ्याने सगळीकडे लावण्याआधी दारामागच्या कोपऱ्यात थोडासा लावून बघितला. दिसायला सुरेख. पुढच्या वीकेंडला मी सहज नख लावलं, तर दुधावरच्या सायीसारखा अख्खा पापुद्रा हातात आला.

सीलरच्या दुकानातल्या माणसाला फोटो दाखवला. तो म्हणाला, "टू स्मूद, मेट." कोबा इतका घोटला होता की सीलरला धरून राहायला जागाच नव्हती. आधी तेलाचे डाग काढा, मग वरचा थर हलका घासून काढा, आणि पाण्याचे थेंब टाकून बघा, असं त्याने सांगितलं. पाणी आत जिरलं तर सीलरही धरेल.

घरी येऊन थेंब टाकले. अळूच्या पानावर राहावेत तसे ते टपोरे, चमकत बसून राहिले.

मग मी गुडघ्यांखाली जुनी उशी घेऊन डाग घासायला बसले. नवऱ्याने घासायचं मशीन भाड्याने आणलं, धूळ ओढून घेणाऱ्या व्हॅक्यूमसकट. मास्क, चष्मे, कानांवर ते मोठे हेडफोनसारखे. पहिली काही मिनिटं तो मशीन चालवतोय की मशीन त्याला, हेच कळेना. एकदा ते त्याला भिंतीपर्यंत घेऊन गेलं आणि आम्ही दोघंही मास्कच्या आत हसत सुटलो. बाबा पडल्यापासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं.

हळूहळू चकाकी गेली. जमीन पाटीसारखी करडी, हाताला किंचित खरखरीत लागायला लागली. बहुतेक ठिकाणी पाणी जिरत होतं. फक्त मधोमध, गाडीचं इंजिन यायचं त्या जागी, तेलाच्या डागावर थेंब तसाच उभा. पुन्हा साबण, पुन्हा ब्रश, पुन्हा मशीन. तरी तसाच. बाबांनी ठाण्याचं तिकीट बघायला सांगितलं होतं, ते मला त्या डागाकडे बघताना सारखं आठवत होतं.

रविवारी रिहॅबमधून त्यांना दुपारपुरतं घरी आणायची परवानगी मिळाली. आदल्या दिवशी आम्ही तो डाग आणखी एकदा घासून, धुऊन सुकायला ठेवला होता. बाबांना गॅरेजच्या दारात खुर्ची दिली. मी वाटीत पाणी आणि चमचा घेऊन वाकले, तर ते म्हणाले, "थांब, मला दे."

आम्ही खुर्ची पुढे सरकवली. त्यांनी डागावर चमचा कलंडवला. थेंब पडला आणि उभा राहिला. आम्ही तिघंही वाकून बघतोय. मग त्याच्या कडेने जमीन गडद झाली, थेंब बसला, पसरला, आणि नुसती ओली खूण उरली.

"जिरलं," बाबा म्हणाले.

नवऱ्याने "येस!" म्हणून भिंतीवर थाप मारली. मी तिथेच जमिनीवर बसले. बाबा मात्र खोलीभर नजर फिरवत होते.

"पलंग त्या खिडकीखाली नको गं. सकाळी ऊन तोंडावर येईल. या भिंतीला लाव."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो मोजायची टेप आणायला आधीच निघाला होता.

जमीन पूर्ण वाळू दिली. प्लास्टिकचा तुकडा चिकटवून ठेवला, खाली दमट नाही ना बघितलं, आणि मग सीलरचे दोन पातळ हात दिले. या वेळी नख लावलं, चावीने खरवडलं, काही निघालं नाही.

बाबा रिहॅबमधून कायमचे घरी आले तेव्हा मी वॉकरच्या मागे दोन्ही हात पसरून चालत होते. त्यांनी ते ओळखलं असावं.

"मी पडत नाहीये," ते म्हणाले. "तू जा, माझा रेडिओ वर राहिलाय. आणि इथे दाढीसाठी आरसा लागेल. जरा उजेडात लावा."

मी रेडिओ आणायला वर गेले.